सुकाणूवाली पुतळी

१७ एप्रिल १९६६, शारजा

डॉक्टर म्हणतो, म्हातारीला धक्का बसता कामा नये. गेल्या महिन्यात छातीत कळ आली, तेव्हापासून घरातले सगळे माझ्याभोवती चवड्यांवर चालतात आणि काही विचारलं की छताकडे बघतात. मला धक्का बसतो तो रशीदाच्या चहाने. तो मात्र दिवसातून दोनदा बिनदिक्कत मिळतो.

रशीदा म्हणजे थोरल्या हमीदची बायको. धाकट्या हारुनची साजिदा. ती घरात नवी आहे, म्हणून अजून चहात दूध घालते.

वाकायचं नाही, उचलायचं नाही, ओरडायचं नाही. मग उरलं काय? हमीदच्या दुकानात चहाच्या कंपनीची डायरी आली होती. ती अन्वरीने चित्रं काढायला पळवली होती, मी तिच्याकडून काढून घेतली. नातीकडून वस्तू काढून घ्यायला डॉक्टरने मनाई केलेली नाही.

मराठी शाळेत मी तिसरीपर्यंत गेले. चौथीत जाणार, तर आई म्हणाली, बस्स, मासळी मोजण्यापुरतं आलं. अक्षर सुकट वाळत घातल्यासारखं आहे. कुणाला वाचता आलं नाही तर बरंच.

२४ एप्रिल

पेटीतले कपडे उन्हाला घातले. सोन्याची पुतळीही काढून पुसली.

ही एकच उरली. सासूने मला दिला तेव्हा अख्खा हार होता, बाकीच्या पुतळ्या एकेक करून घराने खाल्ल्या. त्या साध्या होत्या. ही वेगळी. सासूच्या सासूच्या आधी कुणाला तरी नारळाचं आळं खणताना मिळालेली. चार आण्याएवढी, पण हातात घेतली की हात खाली जातो. वर दोऱ्यासाठी कडी.

एका बाजूला दाढीवाला बादशहा, डोक्याला पानांचा गजरा, मान अशी ताठ की उसने मागायला आलेल्याला ओळखणार नाही. दुसऱ्या बाजूला बाई. खुर्चीवर बसलेली. एका हातात सुकाणू, जुन्या मचव्याला असायचं तसं लांब, वल्ह्यासारखं, आणि त्याचं टोक एका गोळ्यावर टेकवलेलं. दुसऱ्या हातात हे मोठं शिंग, शिंगातून फळं बाहेर आलेली. गावचा सोनार म्हणायचा, लक्ष्मी. मौलवी म्हणायचे, बुत. माझी सासू दोघांना हसायची. म्हणायची, "ती तांडेलाची बायको आहे. नवरा झोपलाय, म्हणून ही बसलीय सुकाणू धरून."

अन्वरी डोकं घालून बघायला आली. अकरा वर्षांची आहे, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर. "दादी, लूक! एफ, ओ, आर, टी, फोर्ट. आर, ई, डी, रेड. इट्स रेड फोर्ट!"

मी म्हटलं, दिल्लीच्या लाल किल्ल्यात बाई सुकाणू धरून कशाला बसेल? म्हणाली, "आय डोन्ट नो." फी भरून एवढंच शिकवतात.

रीत अशी: घरातला पुरुष दर्यात निघाला की ही त्याच्या उजव्या दंडाला बांधायची. परत आला की सोडून पेटीत. जमिनीवरून जाणाऱ्याला द्यायची नाही. आगबोटीने जाणाऱ्यालाही नाही. आगबोटीत माणूस दर्यात नसतो, खानावळीत असतो.

हमीदचे वडील शेवटच्या फेरीला ती न बांधता गेले. त्या साली गावात नवे मौलवी आले होते, म्हणाले, बाईचं चित्र अंगावर नको. दाभोळच्या तोंडावर मचवा फुटला. लोक म्हणाले, पुतळी असती तर. मी म्हटलं, पोहता आलं असतं तर.

मग मी दोन्ही पोरांना खाडीत ढकलून पोहायला शिकवलं. हारुनची हनुवटी शिंपल्याने कापली, अजून खूण आहे. पोहायला शिकवलं आणि दोघांकडून कसमही घेतली की लाँचवर नोकरी करायची नाही. हारुन इथल्या खाडीवर लाँचची इंजिनं दुरुस्त करतो, पण काठावर उभा राहून.

तो संध्याकाळी आला आणि पुतळी हातात खेळवत बसला. "अम्मा, ही अजून चालते काय गो?"

"घड्याळ आहे काय चालायला? सोन्याने कुणी वाचत नाही. पोहता येतं तो वाचतो."

"मग ठेवलीस कशाला?"

"सासूने दिली म्हणून. सासूने शिव्याही दिल्या, त्याही ठेवल्यात."

खूप हसला. साजिदा हसली नाही. तिला दिवस गेलेत, मळमळत असेल.

११ मे

हारुन गेला. रुवैसकडे, अबू धाबीच्या पार पश्चिमेला, तेलकंपनीच्या कँपात इंजिनाचं काम. पगार बरा आहे म्हणतात. बाळंतपणाच्या आत परत येणार. तिथे टपाल नाही, असं हमीदने दोनदा सांगितलं. मी एकदाही विचारलं नव्हतं.

एवढ्या उकाड्यात पोराने पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता, मनगटाचं बटणसुद्धा लावलेलं. मी म्हटलं, "साहेब झालास काय?" म्हणाला, "कँपात साहेबच असतात, अम्मा." माझ्या हाताचा मुका घेतला आणि हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मी म्हटलं, सोड, चूल पेटलीय.

हमीद त्याला ट्रकपर्यंत पोचवायला गेला. परत आला तर चपला ओल्या, पायजम्याला खारं पाणी. अबू धाबीच्या रस्त्यावर पाणी कुठून? म्हणाला, नमाजाआधी हातपाय धुतले, वुझू केला. गुडघ्यापर्यंत वुझू करणारा मुसलमान मी पहिला पाहिला.

३ जून

वारा उलटा फिरलाय. रोल्ला मैदानातल्या वडाची पानं वाळूने पांढरी झाली. गावी आता होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या असतील. इथल्या लोभी शेठांना ते कळत नाही, मेअखेरपर्यंत एकेक फेरी मारून घेतात.

हमीद रोज दुकान लवकर बंद करून खाडीवर जाऊन बसतो. विचारलं तर म्हणतो, हवा खातो. घरी आला की जेवत नाही. हवेने पोट भरत असेल.

१३ जून

रुपया बंद. आपल्या सरकारने तिकडे रुपयाची किंमत पाडली, तर इथल्या शेखांनी रुपयाच टाकून दिला. आता सौदीचे रियाल घ्या म्हणतात. बाजारात नुसता गोंधळ. मी लहानपणी पाचवा जॉर्ज पाहिला, मग सहावा, मग सिंह, आता खजूर आणि तलवारी. हे बादशहा बदलत राहतात. माझ्या पुतळीवरचा कोण, ते तर अल्लालाच ठाऊक.

रशीदाचे डोळे सुजलेत. म्हणते, कांदा. आज डाळ होती.

८ जुलै

हारुनचा दोस्त खैरुद्दीन आला. मुरुडचा. कँपातून आलो म्हणाला. चेहरा सोलवटलेला, ओठ फुटलेले, दोन्ही तळहात फडक्यांत बांधलेले. तेलाच्या कामात माणसाची अशी दशा होते तर पगार बरा असणारच.

माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, "काय रे, बायको पळाली काय?"

"नाही, चाची."

"मग रडतोस कशाला?"

"डोळ्यांत वाळू गेलीय."

"हारुन कसा आहे?"

हमीद मध्येच बोलला, "मजेत आहे, अम्मा. त्याने सलाम सांगितलाय."

"तुला कुणी विचारलं? तू कँपात गेला होतास काय?"

खैरुद्दीन म्हणाला, "चाची, हारुनसारखा माणूस नाही." असं म्हणून तो उठला. स्वयंपाकघराच्या दारात साजिदाला त्याने एक फडक्यातली पुडी दिली. पगार असणार. साजिदा पुडी घेऊन तिथेच खाली बसली. पाचवा महिना, पाय धरत नाहीत. रशीदाने तिला धरून आत नेलं आणि दार लावून घेतलं.

खैरुद्दीन चहा न पिता गेला. रशीदाचा चहा, त्याला तरी दोष कसा देऊ?

१७ जुलै

शेजारची रुकय्या बिर्याणी देऊन गेली. परवा कुणी खीर दिली. कशाचं म्हणून विचारलं, तर "असंच". शारजात असंच कुणी कुणाला पाणी देत नाही. मिलादला आलेल्या बाया मी आत गेले की गप्प होत होत्या. माझ्याबद्दल बोलत असणार. बोलू देत, मीही बोलते.

२९ जुलै

साजिदाने हिरव्या बांगड्या भरल्या. मनगटापासून वर, दोन्ही हातांत. डोळ्यांत काजळ. सकाळी माझ्यासमोर आली ती गुणगुणत. मला राग आला. नवरा तिकडे वाळवंटात करपतोय आणि ही इथे नवरीसारखी नटते.

मी म्हटलं, "कुणाला दाखवायच्या आहेत एवढ्या?"

म्हणाली, "तुम्हाला, अम्मा."

तोंडाला तोंड देते. रशीदा भांडी घासत होती, तिच्या हातून पातेली पडली.

जेवताना मात्र साजिदाचा घास उतरत नाही. सगळं ताटात तसंच. मी ओरडले तर घास तोंडात धरून उठली आणि मागच्या अंगणात गेली.

१४ ऑगस्ट

आज घरात फार वाईट झालं. नीट लिहून ठेवते.

हमीद म्हणाला, "मी लाँचने मस्कतकडे जातोय. मालाचं काम आहे." कसम घेतलेला माणूस! मी म्हटलं, माल काय आगबोटीने येत नाही? म्हणाला, "अम्मा, या एका वेळी जाऊ दे. पुन्हा नाही विचारणार." हमीद कधी विनवत नाही. चाळिशीचा माणूस, दाढी पिकलेली, पोरासारखा माझ्यापुढे उभा. मी जा म्हटलं. पण मग रीत ती रीत. पेटी उघडली.

पुतळी नाही. मखमलीची पिशवी आहे, दोरा आहे, पुतळी नाही. सगळी पेटी जमिनीवर ओतली. हमीद नुसता उभा. मी म्हटलं, "बघतोस काय? चोरी झालीय घरात."

तो म्हणाला, "राहू दे अम्मा, मी तसाच जातो."

"तसाच तुझा बाप गेला होता."

तेव्हा साजिदा पुढे आली. म्हणाली, "मी घेतली, अम्मा. दुबईला सोनाराला विकली."

मी विचारलं, कशासाठी? म्हणाली, बांगड्यांसाठी, कपड्यांसाठी. काचेच्या बांगड्यांसाठी सोनं विकलं! मी तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. तिच्या आईबापापर्यंत गेले, पोटातल्याला तेवढं सोडलं. ती खाली मान घालून ऐकत होती. हमीद म्हणाला, "अम्मा, बस्स! तिला बोलू नकोस." रशीदा भिंतीकडे तोंड करून उभी. चोराची बाजू घेणारं घर.

हमीदला जाऊ दिलं नाही. पुतळी मिळाल्याशिवाय या घरातून कुणी दर्यात पाय घालणार नाही.

१८ ऑगस्ट

साजिदाच्या हातचं पाणी घेत नाही. ती भरून ठेवते, मी ओतून देते. पुन्हा भरून ठेवते. तोंडातून एक शब्द काढत नाही. चोर इतका सोशिक मी पाहिला नव्हता. चोर उलटा ओरडतो, हा माझा अनुभव आहे.

२१ ऑगस्ट

अन्वरीला घेऊन दुबईला गेले. हमीदला सांगितलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. खोटं बोलणं या घरात मलाही जमतं.

देऱ्याच्या सोनारबाजारात दुकान दुकान फिरले. सगळे एकच सांगत होते, असलं जुनं नाणं कुणी आणलं तर आम्ही ठेवत नाही, खाडीपलीकडे मुनीर लारीकडे पाठवतो. मग अब्र्यात, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीत, बसून पलीकडे. अन्वरीने विचारलं, "दादी, आर यू स्केअर्ड?" मी डोळे मिटून बसले होते. म्हटलं, ऊन लागतंय.

मुनीर इराणातल्या लारचा. पांढरी दाढी, हिंदुस्तानी चांगली बोलतो. मी पुतळीचं वर्णन केलं. तो उठला, आतून एक डबी आणली आणि माझ्यासमोर उघडली. मला वाटलं, सापडली! पण तिला कडी नव्हती, आणि बादशहा दुसराच, बिनदाढीचा. बाई मात्र तीच. तशीच खुर्चीवर, सुकाणू, शिंग, सगळं.

"ही रूमी अशरफी," तो म्हणाला. "कुराणात सूरे रूम पढता ना आपण, त्या रूमची. हिचं नाव नशीब. रूमी लोक नशिबाला बाई समजायचे. शिंगातून देते, आणि सुकाणू वळवून काढूनही घेते. गोळा म्हणजे दुनिया."

मी म्हटलं, "एवढंच? हे तर कुणीही सांगेल. खाली लाल किल्ला काय लिहिलंय?"

अन्वरी लाजली. तो हसला. "तसं नाही, अम्मा. एक अंग्रेज गिऱ्हाईक मला सांगून गेला. हे नुसतं नशीब नाही. हे घरी परत आणणारं नशीब. बादशहा लांबच्या मुलखातून सुखरूप घरी आला की शुक्र म्हणून ही पाडायचे."

आमच्या घरातल्या अडाणी बायांना हे कुणी सांगितलं होतं? परत आल्यावर सोडून पेटीत, हे कुणी ठरवलं?

त्याने विचारलं, "तुमच्या पुतळीची कडी कशी होती?"

"जुनी. झिजून दोऱ्याएवढी झालेली."

त्याने डबी मिटली. मग म्हणाला, "ती कडी मी बदलली, अम्मा. दाढीवाला बादशहा. मे महिन्यात. जवान मुलगा होता, हनुवटीवर कापल्याची खूण. म्हणाला, मजबूत करा, खाऱ्या पाण्यात जायची आहे."

मी विचारलं, "विकली नाही?"

"विकायची? त्याने इथेच दंडाला बांधली. वर बाही ओढून घेतली."

उठून निघाले. त्याने पाणी दिलं ते प्यायले. परत अब्र्यात बसले तेव्हा डोळे उघडे ठेवले. खाडीचं पाणी हिरवं होतं. ओल्या चपला. डाळीतला कांदा. खैरुद्दीनचे हात. फडक्यातली पुडी. सगळं पाटीवर कुणीतरी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलेलं, आणि मी तिसरी पास बाई इतके दिवस त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

गेलेली पुतळी पुडीतून परत आली. नुसती पुतळी परत आली.

अन्वरी म्हणाली, "दादी, से समथिंग." मी म्हटलं, गप्प बस, पाणी बघ.

२२ ऑगस्ट

काल लिहून झाल्यावर झोप लागली. लागते. लोक म्हणतात लागत नाही, ते खोटं.

सकाळी साजिदा पाणी भरून ठेवायला आली. मी तांब्या उचलला आणि सगळं पाणी प्यायले. ती बघतच राहिली. मी दार लावलं.

"दंड दाखव."

तिने बाही वर केली. काळ्या दोऱ्यात पुतळी. नवी कडी, पिवळीजर्द.

"कधी कळलं तुला?"

"खैरुद्दीन आला त्या दिवशी."

"मग चोर का झालीस?"

"पुतळी माझ्याकडे आहे म्हटलं असतं, तर कुठून आली ते विचारलं असतं तुम्ही. डॉक्टर म्हणाला होता..."

"डॉक्टर मरू दे. आणि या?" मी तिच्या मनगटाला हात लावला.

"नसत्या घातल्या, तर तुम्ही ओळखलं असतं. इद्दतीतली बाई तुम्हाला कळणार नाही होय?"

नवरा गेला त्या दिवशी बाईने दागिना उतरवायचा, काजळ पुसायचं, घरात बसायचं. या पोरीने त्या दिवसानंतर बांगड्या भरल्या. माझ्यासाठी. माझ्यासमोर गाणं गुणगुणली. आणि मी तिला विचारलं होतं, कुणाला दाखवायच्या आहेत.

हात सुजलेत तिचे, पोटुशीचे सुजतात. बांगड्या निघेनात. मी परातीत पाणी घेतलं, साबण लावला आणि एकेक करून काढल्या. एकही फुटू दिली नाही. ओल्या पदराने काजळ पुसलं. तिला सांगितलं, "पोटुशीची इद्दत बाळंतपणापर्यंत असते. गेले ते दिवस गेले. उरलेले नीट कर. आता रड."

म्हणाली, "येत नाही, अम्मा. मोडलं रडणं."

मी म्हटलं, "येईल. घाई नाही."

मग परातीतलं पाणी टाकायला मी उठले तेव्हा तिला आलं. रशीदा धावत आली, हमीद दुकानातून आला. घरात या उन्हाळ्यात पहिल्यांदा कुणी मोठ्याने रडलं. मला छातीत कळ वगैरे काही आली नाही. डॉक्टरला काही कळत नाही.

२६ ऑगस्ट

खैरुद्दीनला बोलावून घेतलं. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. म्हटलं, आत ये, खात नाही मी.

त्याने सांगितलं ते असं. शेठची लाँच, वर खजूर, खाली आपल्या किनाऱ्यावर उतरवायचं सोनं. शेवटची फेरी, पैसे जास्त. हारुनला बाळंतपणाआधी स्वतःचं गॅरेज टाकायचं होतं. मस्कतपलीकडे सूर बंदराच्या पुढे वादळाने गाठलं, इंजिन बंद पडलं. नाखव्याने शेठच्या मालाची जाकिटं काढली, सोन्याचे तुकडे शिवलेली, म्हणाला, अंगात घाला, माल गेला तर शेठ सात पिढ्यांना सोडणार नाही. सगळ्यांनी घातली. खैरुद्दीनने फाडून फेकलं, कारण त्याला पोहता येत नाही.

"हारुनला म्हटलं, तूही फेक. तो म्हणाला, मला पोहता येतं रे, काठ दिसतोय." खैरुद्दीन जमिनीकडे बघत बोलत होता. "मग त्याने पुतळी सोडली आणि माझ्या दंडाला बांधली. म्हणाला, तू बांध. अम्मा म्हणते, पोहता येतं त्याला हिची गरज नाही. मला एक फळी दिली आणि ढकललं."

अंगणात कुणाची तरी बकरी ओरडत होती.

हारुनला पोहता येत होतं. मीच शिकवलं होतं.

खैरुद्दीन म्हणाला, "चाची, ती मला लाभायला नको होती."

मी त्याच्याकडे बघितलं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा हेच माझ्या मनात आलं होतं. मग त्याचे हात पाहिले. फळी धरून कातडी गेलेली, नवी गुलाबी आलेली. ज्याच्या दंडाला होती तो परत आला. पुतळीने आपलं काम केलं, तिला नावं कुठे ठेवू?

त्याला भात वाढला, बांगड्याचं कालवण वाढलं. म्हटलं, "खा. आणि दर शुक्रवारी इथे जेवायला यायचं. नाही आलास तर मुरुडला तुझ्या आईला कळवीन." तो जेवला. रडत जेवला, पण ताट साफ केलं.

११ सप्टेंबर

हमीद मस्कतकडून परत आला. जाताना पुतळी मीच बांधली, साजिदाने दोरा धरला. आता मालाचं काम म्हणायची गरज नव्हती.

सूरच्या पुढे एका वस्तीत कोळ्यांनी वाहून आलेले चौघे पुरलेत. वर नावं नाहीत, नुसते दगड. हमीद म्हणाला, "अम्मा, कुठला कुणाचा सांगता येत नाही. मी चारही ठिकाणी फातिहा पढलो."

"बरं केलंस," मी म्हटलं. "बाकीच्यांनाही आया असतील."

पुतळी सोडून हातात दिली. गरम होती, अंगाची.

४ नोव्हेंबर

साजिदा मोकळी झाली. मुलगी. हनुवटी कापलेली नाही, बाकी सगळी त्याचीच. इद्दत खलास. तिला विचारलं, बांगड्या भरायच्या? म्हणाली, आत्ता नको. म्हटलं, ठेवल्यात, जपून आहेत.

रशीदा म्हणाली, पुतळी बाळाच्या गळ्यात घाला. मी नाही म्हटलं. सोनं जड असतं. पेटीत ठेवायला घेतली तर साजिदाने मागितली, म्हणून अंथरुणावरच तिच्या हातात दिली. बाळ एका बाजूला, पुतळी दुसऱ्या हातात. बघत होती, बादशहाला उलटा टाकून बाईकडे.

विचारलं, "अम्मा, ही कोण?"

मुनीरने सांगितलेलं सांगणार होते. पण तोंडातून सासूचंच निघालं, की ही तांडेलाची बायको, नवरा झोपलाय म्हणून सुकाणू धरून बसलीय.

साजिदा म्हणाली, "उठेपर्यंत?"

सासूने ते सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.